पाखाडीची कौलं

शनिवार-रविवार गाठून श्रीवर्धनला गेलो, तिथेच चुकलं. किनाऱ्यावर गाड्यांची जत्रा होती. अडीच हजार भाड्याच्या खोलीवर पत्रा, त्यामुळे दुपारी आत बसवत नव्हतं. हरिहरेश्वर, दिवेआगर घाईतच उरकलं. मला लिहायचंय ते एका पाखाडीबद्दल.

पाखाडी म्हणजे इथली आळी. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, आत उतरत्या कौलांची घरं आणि मागे नारळी-पोफळीची वाडी. १७१३ साली पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट याच गावचे. त्यांचं स्मारक पाहून परतताना ऊन टाळायला म्हणून आत वळलो, तर एका पडवीत चारपाच माणसं कौलं निवडत बसलेली. एक काका प्रत्येक कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघायचे आणि पोरं त्याप्रमाणे थप्प्या लावायची.

मी थांबले. विचारल्याशिवाय राहवेना.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. वाड्यांमधल्या पोफळी आडव्या झाल्या, घरं उघडी पडली आणि पाऊस तर दारात. लोकांनी मिळतील ते पत्रे टाकले. त्यांना कोण नावं ठेवणार? पण एकदा पत्रा चढला की घर सहसा पुन्हा कौलारू होत नाही. हे पाखाडीच्या मंडळाला वेळीच कळलं. त्यांनी घरोघर फिरून न फुटलेली कौलं गोळा केली. छाप बघायचा कारण प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी. दुसरं कौल नीट बसत नाही, फट राहते आणि घर गळतं.

आता पाखाडीत कुणाची शाकारणी निघाली की कौलं इथून न्यायची, पैसे नाहीत. उलट कुणी घर पाडून स्लॅब टाकला तर जुनी कौलं आधी मंडळाकडे. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. पुढाऱ्यांनी फीत कापलेली कितीतरी वारसास्थळं मी पाहिली आहेत, पण मला या पडवीचा जास्त भरवसा वाटला. आणि भर दुपारी तिथे पंख्याशिवाय गार वाटत होतं.

काकूंनी कोकम सरबत दिलं. "तुम्ही कुठच्या?"

"आमचं घर दापोलीकडे. त्याच वादळात आमचीही कौलं उडाली."

"मग उरलेल्यांचं काय केलंत?" काकांनी मान वर करून विचारलं.

पत्रा टाकला, म्हटलं. चांगली कौलं परसात पडून होती. दोन वर्षांनी वाटेच्या भरावात घातली. सांगताना आवाज बसला माझा.

काका काही बोलले नाहीत. हातातल्या कौलावरची माती अंगठ्याने पुसून त्यांनी छाप पाहिला आणि कौल माझ्यापुढे धरलं.

"हे त्या कोपऱ्यातल्या थप्पीवर ठेवा. सांभाळून हां."