फ्रेंच येतं ना, मग एम.ए. कशाला?

"तुम्हाला फ्रेंच येतं ना? मग आणखी दोन वर्षं एम.ए.ला शिकता तरी काय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हटलं. विचारणाऱ्यांतल्या काहींना नुसतंच कुतूहल असतं. बाकीच्यांच्या मनात स्वतःच प्रवेश घ्यायचं घोळत असतं, आणि घरच्यांना काय सांगायचं ते माझ्याकडून हवं असतं. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी "येतं" म्हणजे किती येतं ते बघू. युरोपीय मोजपट्टीवर भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-1 पासून सी-2 पर्यंत. एम.ए.ला बऱ्याच ठिकाणी बी-2 चालतं, काही विद्यापीठं सी-1 मागतात. बी-2 म्हणजे बातम्या कळतात, अर्ज लिहिता येतो, भांडताही येतं. मी ते प्रमाणपत्र घेऊन ऐटीत वर्गात गेले. पहिल्याच महिन्यात माझा निबंध परत आला. वीसेक ओळींचा उतारा होता आणि त्यावर चार पानं लिहायची होती. मी अगदी नेटकं लिहिलं होतं, लेखक आधी असं म्हणतो, मग तसं म्हणतो. बाईंनी समासात चार ठिकाणी एकच शब्द लिहिला होता, "पाराफ्राझ". शेवटी लाल शाईत "ए आलोर?", म्हणजे "बरं, मग?" व्याकरणाची एकही चूक नव्हती. गुण 20 पैकी 7.

उताऱ्यात आहे तेच आपल्या शब्दांत परत सांगणं, म्हणजे 'पाराफ्राझ', हे उतारा उलगडायच्या फ्रेंच पद्धतीत महापाप. "कवीने येथे निसर्गाचे हृद्य वर्णन केले आहे" छापाचं रसग्रहण तिथे पहिल्या फटक्यात बाद होतं. हा शब्द इथेच का आला, क्रियापद या काळात का, वाक्य इथेच का तोडलं, हे विचारायचं आणि उत्तर उताऱ्यातूनच काढून दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला जमायला एक वर्ष लागलं.

एक नमुना देते. आल्बेर काम्यूची 'लेत्राँझे' ही कादंबरी 1942 ची. तिचं पहिलं वाक्य चार शब्दांचं आहे: "ओझुर्दुई, मामाँ ए मोर्त." आज, आई, आणि मरणाचं क्रियापद. वर्गात आमचा यावर अख्खा तास गेला. घरी येऊन मी ते मराठीत आणायला बसले, त्यात रात्र गेली.

इंग्रजीवाले अडले ते 'मामाँ'वर. 1946 च्या अनुवादात 'मदर' आलं, थंड, परीटघडीचं. 1988 च्या अनुवादकाने सरळ 'मामाँ' तसाच ठेवला. मराठीत ही अडचणच नाही. 'आई' पाच वर्षांच्या पोराच्या तोंडी शोभते आणि पन्नाशीच्या माणसाच्याही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, आणि पुढच्याच शब्दाने धरलं. 'आई गेली' म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो, मरणावर पांघरूण घालायचाच तो शब्द. मूळ वाक्यात पांघरूण नाही. 'मेली' म्हणावं तर स्वतःच्या आईबद्दल असं कोण बोलतं? शिवाय 'मेली' ही शिवी आहे. 'वारली' उरते, पण ती लगेच पुढे लागणार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत वृद्धाश्रमाची तार येते. तारेत 'मामाँ' नाही, 'मेर' आहे, आणि 'मोर्त' नाही, 'देसेदे' आहे. म्हणजे आपलं 'मातोश्री वारल्या'. ती तारेची भाषा मुलाच्या तोंडी आधीच खर्च केली तर तार आणि मुलगा यांच्यातला फरकच पुसला जातो.

यात आणखी एक मेख आहे. 'ए मोर्त' व्याकरणाने दोन्ही होतं, 'मेली' आणि 'मेलेली आहे'. घटना आज घडली की आज नुसती कळली? कादंबरीतला मुलगाही लगेच म्हणतो की कदाचित काल असेल. मराठीला तिथे काहीतरी एक निवडावंच लागतं.

शिवाय त्या काळच्या फ्रेंच कादंबरीचा रूढ भूतकाळ म्हणजे 'पासे साँप्ल'. तो फक्त कागदावर असतो, बोलताना कुणी वापरत नाही. काम्यूने तो बाजूला ठेवून बोलण्यातला भूतकाळ घेतला. तत्त्वज्ञ-लेखक सार्त्रने 1943 मध्ये या कादंबरीवर लिहिताना म्हटलं की तिचं प्रत्येक वाक्य एक बेट आहे, मागच्या-पुढच्यापासून सुटं. हे सगळं बी-2 वाल्याच्या डोळ्यांसमोरून सुखाने निघून जातं, माझ्याही गेलं होतं. कादंबरी मी आधी दोनदा वाचली होती आणि मला ती "सोपी" वाटली होती.

पद्याच्या तासाला मात्र मला फुकटचा फायदा झाला. रासीनच्या नाटकांची ओळ बारा अक्षरांची, सहावर यती. शब्दाच्या शेवटचा मुका 'अ' व्यंजनापुढे मोजायचा, स्वरापुढे गिळायचा, ओळीच्या टोकाला सोडून द्यायचा. बाकीचे बोटं मोजत बसलेले. मला तो अभंगाचा भाऊबंदच वाटला. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, इथे सहा-सहा, आणि लघु-गुरूंची भानगड दोन्हीकडे नाही. त्याच्या 'फेद्र' नाटकात (1677) खोटा आळ आलेला मुलगा बापाला सांगतो की माझ्या अंतःकरणाच्या तळापेक्षा दिवसही जास्त निर्मळ नाही. त्या अख्ख्या ओळीत एकही शब्द एका अक्षराहून मोठा नाही. त्याला लपायला जागाच ठेवलेली नाही.

साहित्य सिद्धान्ताचा पेपर मी पास होण्यापुरता केला. भाषाविज्ञान मात्र आवडलं. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं सामान्य भाषाविज्ञानावरचं ते सुप्रसिद्ध पुस्तक 1916 मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी आलं, तेही विद्यार्थ्यांनी तासाला उतरवून घेतलेल्या टिपणांवरून. तेव्हापासून मी वह्या नीट ठेवते.

आता घरच्यांना सांगायचं ते. फक्त अस्खलित बोलायचं असेल तर एम.ए. करू नका. सी-1 किंवा सी-2 ची 'दाल्फ' परीक्षा द्या, कमी वेळात होईल. अनुवादाचं काम देणारे बहुधा नमुना अनुवाद करून घेतात. महाविद्यालयात शिकवायचं असेल किंवा पुढे पीएच.डी.ला जायचं असेल, तर ही पायरी सहसा चुकत नाही. आणि वाचायचा कंटाळा असेल तर दोन्हीकडून मरण. पहिल्या सत्रातच मध्ययुगीन फ्रेंचपासून परवाच्या कादंबरीपर्यंत सगळं अंगावर येतं, आणि शब्दकोश फ्रेंच-फ्रेंचच वापरायचा असतो.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. तोवर माझ्या डोक्यात फ्रेंच साहित्य म्हणजे पॅरिस असंच होतं. मग आमादू कुरुमा वाचला, आयव्हरी कोस्टचा. 'स्वातंत्र्यांचे सूर्य' अशा अर्थाच्या नावाची त्याची कादंबरी 1968 मध्ये आली, तीही आधी माँत्रेयालला. पॅरिसमध्ये ती निघाली 1970 साली. मालिंके ही त्याची मातृभाषा, आणि तिच्या वळणाने त्याने फ्रेंच वाकवलं. पहिल्याच वाक्यात एक माणूस मरतो, पण 'मोर्त'ही नाही आणि 'देसेदे'ही नाही. क्रियापद आहे 'फिनिर', संपणं. राजधानीत अमुक अमुक संपला, त्याला आठवडा झाला होता. फ्रेंच वाचकाला तिथे ठेच लागते, कारण फ्रेंचमध्ये काम संपतं, सुट्टी संपते, माणूस असा संपत नाही.

मी यावरच प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, "हे वाक्य तुम्हाला खटकलं नाही?" मी म्हटलं, "नाही, सर. आमच्याकडे माणूस संपतोच." आणि मराठीत म्हणून दाखवलं: तो संपला. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "आणि काम्यूच्या आईचं काय करता?"

मी सांगितलं, सध्या 'गेली' लिहिते, आणि दर वेळी खोडते.