तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्या-मांजराला बोन ब्रॉथ द्यायचा का?

"तुम्ही तुमच्या मंडळींना बोन ब्रॉथ (म्हणजे हाडं तासन्‌तास उकळून गाळलेलं पाणी) देता का हो?" हे मला इतके जण विचारतात, की आता एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देता येईल. मंडळी म्हणजे एक म्हातारा कुत्रा, ज्याचे निम्मे दात गेलेत, आणि एक मांजर, जिचं नि पाण्याचं जन्मापासून वाकडं आहे. तर हो, देते. फक्त बहुतेक लोक ज्या कारणासाठी विचारतात त्या कारणासाठी देत नाही.

विचारणाऱ्याच्या डोक्यात साधारण असं असतं, की कुत्र्याचे सांधे दुखतायत किंवा केस गळतायत, तर ब्रॉथ सुरू करू, त्यात कोलॅजन नावाचं प्रोटीन असतं ना! असतं की. हाडापेक्षा जास्त ते हाडाच्या आजूबाजूला असतं, कूर्चेत, कातडीत, सांध्याच्या चिवट भागात, म्हणून तर कोंबडीचे पाय आणि पंख टाकले की ब्रॉथ फ्रीजमध्ये मस्त घट्ट होतो आणि भांडं हलवलं की थरथरतो. तासन्‌तास शिजून कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं. पण ते पोटात गेल्यावर इतर कुठल्याही प्रोटीनसारखंच पचतं, त्याची अमिनो आम्लं आणि बारीक बारीक तुकडे होतात आणि त्यांचं काय करायचं ते शरीर ठरवतं, ते काही सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. सांध्यांसाठी काही डॉक्टर जे अनडिनेचर्ड टाइप टू कोलॅजन लिहून देतात ते वेगळं, त्यात कोलॅजनची मूळ घडी शाबूत ठेवलेली असते आणि डोस अगदी चिमूटभर असतो. आपण ब्रॉथ उकळताना नेमकी तीच घडी मोडतो. तेव्हा लंगडणाऱ्या कुत्र्याला आधी डॉक्टरला दाखवा आणि वजन जास्त असेल तर ते कमी करा, सांध्यांना त्याने जेवढा फरक पडतो तेवढा ब्रॉथने पडायचा नाही.

कॅल्शियमचंही तसंच. हाडं उकळली म्हणजे पाण्यात भरपूर कॅल्शियम आलं असेल असं वाटतं, प्रत्यक्षात फार थोडं येतं, चमचाभर व्हिनेगर घातलं तर किंचित जास्त, पण तरी थोडंच. हे मुद्दाम सांगतेय कारण काही जण घरी शिजवलेलं चिकन-भात देतात आणि "वरून ब्रॉथ घालते ना, मग कॅल्शियम कशाला वेगळं" म्हणतात. नाही हो, मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, तो हिशोब ब्रॉथने जुळत नाही, आणि वाढत्या पिल्लाच्या बाबतीत तर ते फार महागात पडतं. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे प्रोटीन म्हणूनही ते अर्धवट. म्हणजे ब्रॉथ हे जेवण नाही, औषध तर नाहीच.

मग देते कशाला? पाण्यासाठी. बस एवढंच, पण हे एवढंसं नाहीये. कोरड्या खाण्यात, म्हणजे किबलमध्ये, साधारण १० टक्के पाणी असतं आणि डब्यातल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, शिकारीतूनच पाणी मिळवणारे, त्यामुळे त्यांना तहान लागते ती उशिरा आणि कमी. नुसत्या किबलवरचं मांजर वाटीतून थोडं जास्त पाणी पितं, पण ओलं खाणाऱ्या मांजराच्या पोटात एकूण जेवढं पाणी जातं तेवढं सहसा होत नाही. मग शू घट्ट होते, खडे होतात, आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे तो तुंबायची भीती असते, जी खरी इमर्जन्सी आहे (बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय आणि शू होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच्या तेव्हा निघा). अशा प्राण्याच्या पोटात दिवसातून चार-पाच चमचे जास्तीचं पाणी गेलं तरी मला ते हवंच असतं.

आमची मांजर साध्या पाण्याच्या वाटीकडे अशी बघते की जणू मी तिचा अपमान केलाय. त्याच वाटीत दोन चमचे ब्रॉथ आणि चार चमचे कोमट पाणी घातलं की तळ चाटून पुसून ठेवते. कोमट हे महत्त्वाचं बरं का, मांजराचं खाणं बरंचसं नाकावर चालतं, फ्रीजमधल्या गार गोळ्याला वासच नसतो. अंगाच्या तापमानाइतकं, म्हणजे ३८ अंशाच्या आसपास, बोट घालून नुसतं ऊबदार लागेल इतपतच. मायक्रोवेव्हमधून काढलंत तर ढवळून मगच द्या, मधे एखादी जागा भाजेल इतकी गरम असते. कुत्र्याचं म्हणाल तर त्याचं किबल मी ब्रॉथमध्ये भिजवते, दात नसल्यामुळे त्याला बरं पडतं. फक्त भिजवलेलं खाणं दिवसभर बाहेर ठेवायचं नाही, अर्ध्या-पाऊण तासात खाल्लं नाही तर उचलून टाकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कांदा आणि लसूण. आपल्यासाठी केलेल्या सूपमधलं थोडंसं दिलं तर काय होतं, हा याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. नका देऊ. कांदा, लसूण, पातीचा कांदा, लीक, या सगळ्या कुळात असे गंधकयुक्त पदार्थ असतात जे कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी खराब करतात आणि मग त्या फुटायला लागतात. मांजरात वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदा एवढ्यानेही रक्तात बदल दिसतात, म्हणजे ४ किलोच्या मांजरासाठी २० ग्रॅम, जेमतेम दोन-तीन जाड चकत्या. कुत्र्यात किलोमागे १५ ते ३० ग्रॅम. शिजवल्याने हे विष जात नाही, आणि "मी कांदा काढून टाकलाय" याला काही अर्थ नाही कारण ते पाण्यात उतरलेलंच असतं, ब्रॉथ म्हणजे तर तेच पाणी! कांद्याची पावडर अजून वाईट, थोडक्यात जास्त मावतं. आणि लगेच काही होत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात, पण लक्षणं बऱ्याचदा काही दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप लागणं, गळून जाणं, शू लालसर किंवा चहासारखी होणं. तेव्हा स्टॉक क्यूब, माणसांसाठीचा तयार ब्रॉथ, पाकीट सूप हे सगळं बाद, त्यात मीठ तर असतंच आणि पावडरीही असतात. प्राण्यांसाठीचं म्हणून मिळतं त्याचंही लेबल मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

करायला काहीच अवघड नाही. हाडं, पाणी, हवं तर गाजराचा तुकडा, मीठ नाही, मसाले नाहीत. मंद आचेवर दहा-बारा तास, किंवा प्रेशर कुकरमध्ये दोन-अडीच तास, पाणी आटत नाहीये ना बघत. मग बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळल्यावर परत एकदा हाताने चाचपून बघायचं, कोंबडीच्या बरगडीची सुईसारखी कुसं गाळणीतून उभी निसटतात. पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये टाकायचं. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असतो तो चमच्याने अख्खा उचलून काढायचा, आळस करायचा नाही, कारण अचानक जास्त चरबी पोटात गेली तर काही कुत्र्यांना पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला, म्हणजे पॅन्क्रियाजला सूज) होतो आणि तो फार वेदनेचा आजार आहे. नळीची हाडं वापरलीत तर हा थर बोटभर जाड येतो, म्हणून मी कोंबडीच्या पायांवरच असते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, बाकी बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरला, लागेल तशी वडी काढायची.

किती द्यायचं? मांजराला एक-दोन चमचे, मोठ्या कुत्र्याला पाव कप, पहिल्यांदा त्याहून कमी, नाहीतर पातळ शी ठरलेली. साध्या पाण्याची वाटी बाजूला हवीच. किडनी, हृदय किंवा पॅन्क्रियाजचा त्रास असलेल्या प्राण्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, घरी केलेल्या ब्रॉथमध्ये फॉस्फरस आणि सोडियम नक्की किती आहे हे मला किंवा तुम्हाला मोजता येत नाही. आणि मांजराने जेवण सोडलं असेल तर "ब्रॉथ पितेय ना" म्हणून थांबू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, लठ्ठ मांजरात तर लवकरच, आणि ब्रॉथने वाटी रिकामी दिसते पण पोटात जेवण काहीच गेलेलं नसतं.

हां, उरलेल्या हाडांचं. ती कुत्र्याला द्यायची नाहीत, कितीही मऊ झालेली वाटली तरी. शिजलेलं हाड फुटतं तेव्हा त्याला टोकं येतात, आतड्यात अडकतं नाहीतर टोचतं. मी ती पिशवीला गाठ मारून घट्ट झाकणाच्या डब्यात टाकते आणि डबा ओट्याखालच्या कपाटात बंद करते, कारण आमचा म्हातारा एरवी हाक मारली तरी ऐकत नाही पण त्या डब्याचं झाकण सरकल्याचं त्याला तिसऱ्या खोलीतून कळतं.