वर्षाचा आकडा बदलताना

जानेवारी, पहिला आठवडा

मी सांभाळते त्या मुक्त प्रोग्रामच्या सगळ्या फाइलींच्या माथ्यावरचं कॉपीराइटचं वर्ष बदलून झालं. त्याला वेळ लागत नाही; ग्नूलिब या सामायिक कोडच्या संग्रहात त्यासाठी तयार स्क्रिप्टच आहे. ती चालवायची, डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, नजरेखालून घालायचा, कमिट करून बदल नोंदवायचे. पाठोपाठ संगणकाचा प्रकार ओळखणाऱ्या कॉन्फिग-गेस आणि कॉन्फिग-सब या फाइली ताज्या केल्या. त्या जुन्या राहिल्या की रिस्क-फाइव्हसारखा नंतर आलेला प्रोसेसर ओळखला जात नाही आणि तिथे सहज चालला असता असा प्रोग्राम पहिल्याच पायरीवर अडतो.

खरा वेळ गेला तो कॉन्फिगरमधल्या चाचण्यांवर. प्रोग्राम बिल्ड करण्याआधी सिस्टिमवर कोणत्या सोयी आहेत, हे ही स्क्रिप्ट छोटे तुकडे कंपाइल करून तपासते. जुन्या चाचण्यांत हेडर, म्हणजे फंक्शन जाहीर करणारी फाइल, न घेताच फंक्शन वापरलेलं सापडतं. सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने ही सवलत काढून घेतली होती, तरी जीसीसी हा कंपायलर वर्षानुवर्षं वॉर्निंगवर भागवत आला. २०२४ मधल्या जीसीसी १४ पासून ती एरर झाली. यात बिल्ड मोडलं असतं तर बरं, पण ते मोडत नाही. चाचणीचा तुकडा कंपाइल होत नाही, कॉन्फिगर ‘ही सोय इथे नाही’ असं धरून पुढे जातो, आणि प्रोग्राम तयार होतो तो एखादी क्षमता गमावून. काय गेलं हेच कळत नसल्याने तक्रारही येत नाही. म्हणून कॉन्फिगरचा लॉग उघडून प्रत्येक ‘नाही’ कशामुळे आला ते पाहत बसले.

मार्च २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रामचं प्रकरण उघड झालं, तेव्हापासून हे वाचन मला फार गरजेचं वाटतं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमधला, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातला, बॅकडोअर (छुपी चोरवाट) जागा व्हायचा तो कॉन्फिगर ज्यांपासून बनतं त्यांपैकी एका एम४ मॅक्रोतून, आणि तो बदललेला मॅक्रो गिटमध्ये, म्हणजे मूळ कोडच्या नोंदींत, नव्हताच! बिल्ड स्क्रिप्ट कोण वाचतंय, या भरवशावरच तो डाव रचलेला. आता मी टारबॉल सोडवून गिटशी ताडून पाहते. जी फाइल जास्तीची दिसेल ती कुठल्या साधनाने तयार केली, हे सांगता आलंच पाहिजे.

डॉक्युमेंटेशनमध्ये परवान्याच्या मजकुरात अजून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा फ्रँकलिन स्ट्रीटचा पत्ता होता. ते कार्यालय संस्थेने २०२४ मध्ये सोडलं. पत्ता काढून परवान्याच्या पानाचा दुवा दिला.

मग कोऱ्या सिस्टिमवर, काहीही आधी न बसवता, इन्स्टॉल फाइलमधल्या सूचना जशाच्या तशा पाळल्या. आवश्यक गोष्टींच्या यादीत पीकेजी-कॉन्फिग हे लायब्ररी शोधून देणारं साधन नव्हतं. ते नसताना कॉन्फिगर तयार करणारं ऑटोकॉन्फ चालवलं, तर पुढे कॉन्फिगरमध्ये भलत्याच ओळीवर सिंटॅक्स एरर येते. नव्या माणसाला त्यावरून काही उमगणार नाही. ती नोंद घातली. मॅन्युअलमधली उदाहरणं उद्यापासून एकेक करून चालवून बघेन.