आमची वाटचाल : वाफेच्या इंजिनांवरील अक्षरांचा शोध

आमच्या व्यवसायाची सुरुवात पाट्या रंगवण्यापासून झाली. दुकानांचे फलक, वाहनांवरील क्रमांक आणि काचेवर सोनेरी वर्खाची अक्षरे अशी कामे करत असतानाच, जतन करून ठेवलेल्या एका वाफेच्या इंजिनाच्या टेंडरवरील (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरील) पुसट झालेली अक्षरे नव्याने रंगवण्याचे काम आमच्याकडे चालून आले. हाताला वळण होते, ब्रश उत्तम होते आणि तेवढे पुरेसे आहे, अशी आमची तेव्हा समजूत होती.

एका जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून आम्ही अक्षरांची उंची आणि अंतरे काढली. अक्षरांच्या कडेची छाया छायाचित्रात काळी दिसत होती, म्हणून ती काळ्या रंगात भरली आणि काम मालकांच्या ताब्यात दिले. काही महिन्यांनी टेंडरवर मागाहून कधीतरी ठोकलेली एक लोखंडी पट्टी दुरुस्तीसाठी काढण्यात आली, तेव्हा तिच्याखाली मूळ अक्षराचा बोटभर तुकडा जसाच्या तसा सापडला. त्याची छाया गडद तांबडी होती. सर्व अक्षरे खरवडून आम्ही ती स्वखर्चाने पुन्हा रंगवली आणि त्यानंतर चूक कुठे झाली याचा शोध सुरू केला.

चूक छायाचित्र वाचण्यात होती. त्या काळातील बहुतेक फोटो-प्लेटा तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देत नसत आणि निळ्याला मात्र तीव्र प्रतिसाद देत. त्यामुळे अशा छायाचित्रांत तांबडा रंग काळा भासतो, तर निळा प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. कारखान्यांच्या अधिकृत छायाचित्रांत आणखी एक अडचण असते. रेघा आणि खिळे स्पष्ट उठून दिसावेत म्हणून नवे इंजिन अनेकदा छायाचित्रापुरते राखाडी रंगवले जाई, रेघकामही काळ्या-पांढऱ्यात होई आणि खरा रंग त्यानंतर चढे. अशा छायाचित्रावरून आकार, मापे आणि जागा निश्चित करता येतात, परंतु रंग ठरवता येत नाही.

तेव्हापासून आमची पहिली साक्ष धातूवरचीच असते. कॅबच्या, म्हणजे चालकाच्या खोलीच्या, आतील कोपरा, मागाहून बसवलेल्या पाट्यांच्या खालची जागा, कठड्याच्या दांडीचे बूड अशा ऊन-पाऊस न पोहोचलेल्या ठिकाणी ओल्या बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासत गेले की रंगांचे थर झाडाच्या वर्तुळांसारखे एकापुढे एक उघडे होतात. त्यात सर्वांत खाली बहुधा शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचा, अस्तर-थर लागतो. हे थर वाचतानाही घाई चालत नाही. जुने वॉर्निश पिवळे पडल्यामुळे त्याखालचा हिरवा शेवाळी वाटतो आणि शिसेयुक्त पांढरा रंग धुरातील गंधकामुळे काळवंडलेला असतो. या रंगांत शिसे असल्याने मास्क लावल्याशिवाय आणि जागा ओली ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणीही घासकामाला हात लावत नाही. जिथे रंग पूर्ण गेला आहे, तिथे अंधार करून पत्र्याला जवळजवळ समांतर असा विजेरीचा झोत टाकतो. वर्खाखालचा पृष्ठभाग भोवतालच्या भागापेक्षा कमी झिजलेला असतो आणि त्या तिरक्या उजेडात नाहीशी झालेली अक्षरे कडांसह उमटतात. हे दृश्य कितीही वेळा पाहिले तरी आमचे हात क्षणभर थांबतात.

मात्र थर सापडले म्हणजे काम संपत नाही, कारण इंजिन एका रूपात कधीच राहिलेले नसते. ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिन १९२३ मध्ये १४७२ या क्रमांकाने धावू लागले. १९२४ मध्ये त्याला ४४७२ हा क्रमांक मिळाला, १९४६ मध्ये आधी ५०२ व नंतर १०३, आणि राष्ट्रीयीकरणानंतर ६०१०३. त्याचे दुहेरी धुराडे आणि १९६१ मध्ये बसवलेले धूर वळवणारे पत्रे हे या शेवटच्या क्रमांकाच्या काळातील आहेत. म्हणून २०१६ मध्ये ते दुरुस्त होऊन या जोडणीसह बाहेर आले तेव्हा त्यावर ६०१०३ आणि ब्रिटिश रेल्वेचा हिरवा रंग असणे आमच्या दृष्टीने योग्यच होते. ग्राहकाला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो की इंजिन कोणत्या वर्षातले दाखवायचे आहे, आणि वर्ष ठरल्यावर धुराड्यापासून दिव्यांपर्यंत सर्व जोडणी त्या वर्षाशी ताडून पाहतो. या प्रश्नावर काही कामे हातची गेली, तरी तो विचारणे आम्ही सोडलेले नाही.

बारकावा किती खोल जातो, याचे आम्हाला नेहमी आठवणारे उदाहरण ब्रिटिश रेल्वेच्या १९५६ च्या मानचिन्हाचे आहे. त्यातील चाक धरलेला सिंह आरंभी दोन्ही बाजूंना इंजिनाच्या पुढच्या दिशेला तोंड करून छापला जात होता. अधिकृत मानचिन्हात मात्र सिंहाचे तोंड डावीकडेच होते. तो आक्षेप पुढे आल्यावर उजवीकडे पाहणारा सिंह बंद झाला. त्यामुळे इंजिनाच्या उजव्या अंगावरील सिंह कोणत्या दिशेला पाहतो, हे ते इंजिन शेवटचे कधी रंगवले गेले यावर अवलंबून असते.

सुट्या भागांवर ठोकलेल्या क्रमांकांवर आम्ही फारसे विसंबत नाही. कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी चाके फिरवणारे दांडे एका इंजिनाचे दुसऱ्याला लावले जात, त्यामुळे असा क्रमांक कधी कधी भलत्याच इंजिनाचा निघतो.

आज प्रत्येक इंजिनाची आमच्याकडे स्वतंत्र वही असते. तीत अक्षरांचे पारदर्शक कागदावर उतरवलेले पूर्ण आकाराचे ठसे, रेघांच्या रुंदीची मापे आणि प्रत्येक निर्णयामागील पुरावा नोंदवलेला असतो. जिथे पुरावा मिळत नाही तिथे आम्ही अंदाजाने नक्षी भरत नाही, ती जागा साध्या रंगाची ठेवतो आणि तसे वहीत लिहितो. प्रत्येक इंजिनावर कॅबच्या आतील बाजूला तळहाताएवढा जुना रंग न घासता, फक्त वॉर्निश देऊन राखून ठेवतो, म्हणजे आमचे काम चुकले असेल तर पुढे येणाऱ्या रंगाऱ्याला ते तिथेच पडताळता येईल.