६१२ मतांचा हिशोब

शाळेत मी आठवीला संसदीय शासनपद्धती शिकवतो आणि दहावीला निवडणूक प्रक्रिया. २८८ जागा, बहुमताला १४५, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. मतदान अधिकारी म्हणून दोनदा जाऊनही आलो होतो. पण २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष म्हणून सही करायची वेळ आली, आणि फळ्यावरचे ते १४५ कशाचे बनतात हे त्या दिवशी हाताला लागलं. पुढच्या वेळी ज्यांना आदेश येईल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आदेश आला की पहिली धडपड सुटका करून घेण्याची असते, हे मी स्टाफरूममध्ये पाहत आलोय. कारण खरं असेल तर जरूर अर्ज करा. नसेल तर प्रशिक्षण मन लावून घ्या. या काळात आपण निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असतो, गैरहजर राहिलात तर नोटीस येते, हे खरंच. पण लक्ष देण्याचं खरं कारण वेगळं आहे. यंत्र जोडणं कुणालाही जमतं, केंद्राध्यक्षाचं काम असतं ते कागदांचं. दुसऱ्या प्रशिक्षणात मी यंत्राला एकदाच हात लावला आणि उरलेला सगळा वेळ नमुना १७ सी, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशोबाचा कागद, समजून घेण्यात घालवला. संध्याकाळी त्यानेच तारलं. तिथल्याच सुविधा केंद्रावर माझं स्वतःचं टपाली मतही देऊन टाकलं, कारण ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात होती. त्याचा अर्ज, म्हणजे नमुना १२, वेळेत भरून द्या, नाहीतर दिवसभर दुसऱ्यांच्या बोटाला शाई लावायची आणि आपलं बोट कोरं, असं होतं.

१९ तारखेला सकाळी तालुक्याच्या ठिकाणी साहित्य मिळालं. गडबड प्रचंड. तरीही कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र) यांचे क्रमांक यादीशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही एसटीत चढलो नाही. गाव सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातलं. केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत, मतदार ८६०. कोतवालाने पिठलं-भाकरीची सोय केली होती. रात्री वर्गातली बाकं बाजूला सारून, पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा करून आम्ही पाचजण आणि एक पोलीस तिथेच आडवे झालो. थंडी होती, आणि मला झोप अशी लागलीच नाही.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे खऱ्या मतदानाआधी यंत्राची चाचणी. उमेदवारांचे तीन प्रतिनिधी हजर होते. किमान ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटणावर पडतील अशी. मग निकाल काढायचा, चिठ्ठ्या मोजून त्याच्याशी जुळवायच्या, यंत्र क्लिअर करायचं, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. यात क्लिअर करणं विसरलात तर दिवसभराच्या खऱ्या मतांत ती ५० मिसळतात. म्हणून टोटलचं बटण दाबून शून्य आलेलं मी तिन्ही प्रतिनिधींना एकेक करून जवळ बोलावून दाखवलं, पेटी रिकामी आहे हेही दाखवलं. हिरव्या कागदी सीलवर त्यांच्या सह्या घेतल्या. सातला पहिला मतदार आत आला.

दिवस कसा गेला ते सगळं सांगत बसत नाही, पण एक आजी लक्षात राहिल्या आहेत. पंचाऐंशीच्या आतल्या, त्यामुळे घरून मतदानाची सोय त्यांना लागू नव्हती. काठी टेकत आल्या. शाई लावताना डाव्या हाताची तर्जनी सरळ होईना, कामाने वाकलेली. मतदान अधिकाऱ्याने ती हलकेच धरून नखापासून खाली रेघ ओढली. कक्षात गेल्यावर बीप वाजला, तरी आजी बाहेर येईनात. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती कापून खाली पेटीत पडेपर्यंत त्या बघत उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पडला गुरुजी कागद. मी बघितला." कुणाला मत दिलं हे विचारण्याचा अधिकार मला नाही, त्यांच्या मुलाला नाही, गावच्या सरपंचालाही नाही. ते मत नीट पडलं एवढंच त्यांना मला सांगायचं होतं.

दुपारनंतर चित्र पालटलं. या भागातली घरटी एक-दोन माणसं मुंबईला, बरीचशी माथाडी कामाला. गावात त्यांना मुंबईकरच म्हणतात. मतदानाची सुट्टी धरून ते निघाले होते आणि चारच्या सुमाराला त्यांच्या गाड्या चढ चढून यायला लागल्या. पाच वाजता मी झोनल अधिकाऱ्यांना आकडा कळवला तेव्हा ४९८ मतं झाली होती. सहाला ५६० झाली आणि अंगणात रांग तशीच होती. अशा वेळी नियम साफ आहे: सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, त्यानंतर आलेल्याला नाही. सही केलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी बाहेर गेलो आणि रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटायला सुरुवात केली. एक नंबर शेवटच्याला, म्हणजे त्याच्यामागे कुणाला घुसता येत नाही. ५२ चिठ्ठ्या गेल्या. शेवटचं मत पडलं तेव्हा सात वाजून गेले होते.

या निवडणुकीत संध्याकाळी पाचचा आकडा आणि अंतिम आकडा यांच्यातल्या फरकावरून खूप वाद झाला. राज्याचं मतदान पाचला सुमारे ५८ टक्के आणि शेवटी सुमारे ६६ टक्के असं जाहीर झालं. सगळ्या राज्याबद्दल बोलायला मी कोण? माझ्या केंद्रापुरतं मात्र छातीठोक सांगतो: पाचनंतर ११४ मतं पडली, त्यातल्या प्रत्येकाची सही रजिस्टरात आहे, आणि ती माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

क्लोजचं बटण दाबलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. यंत्रावर एकूण मतं ६१२. मतदारांच्या रजिस्टरचा, म्हणजे १७ ए चा शेवटचा क्रमांक ६१३.

एकाचा फरक. प्रतिनिधी टेबलाभोवती उभे. दोन नंबरचे मतदान अधिकारी, आमच्यातले सगळ्यांत तरुण, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हा फरक तीन प्रकारे येऊ शकतो. सही करून मत द्यायला नकार दिलेला असतो, गुप्ततेचा भंग केल्यामुळे कुणाला मत नाकारलेलं असतं, किंवा नोंदीतच चूक असते. पहिल्या दोन्हींसाठी रजिस्टरात शेरा लागतो, तसा एकही नव्हता. मग सही घेतल्यावर प्रत्येक मतदाराला दिलेल्या आणि यंत्रापाशी जमा केलेल्या चिठ्ठ्या मी टेबलावर पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत मोजायला घेतल्या. वीज गेली होती, पोलीसदादांनी बॅटरी धरली. चिठ्ठ्या ६१२. म्हणजे यंत्र बरोबर, चूक आमच्या वहीत. प्रतिनिधींना म्हटलं, बसा, आपण सगळे मिळून पानं उलटू. पानागणिक सह्या बघत गेलो आणि एका ओळीत यादीतला क्रमांक होता, सही नव्हती. चार ओळी खाली तोच क्रमांक पुन्हा, सहीसकट. तेव्हा एका प्रतिनिधीलाच आठवलं: एक मुंबईकर खिशात मोबाईल घेऊन आला होता, तो बाहेर ठेवायला परत पाठवला, आणि आल्यावर त्याची नोंद नव्याने झाली.

झोनल अधिकाऱ्यांना फोन केला, रिकाम्या ओळीवर रेघ मारून शेरा लिहिला, सही केली, केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत सगळी हकीकत नोंदवली. मग १७ सी वर ६१२ लिहिलं आणि सही-शिक्क्यानिशी प्रत तिन्ही प्रतिनिधींच्या हातात दिली. ही प्रत द्यायलाच लागते, आणि प्रतिनिधींनी ती घेतल्याशिवाय जाऊ नये. मतमोजणीच्या टेबलावर यंत्र आलं की त्यातला एकूण आकडा या कागदाशी आधी जुळवतात. आयोगाचा कागद आणि पक्षांच्या हातातला कागद एकच असेल, तरच पुढचं सगळं खरं. साहित्य जमा करून घरी पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

२३ तारखेला, शनिवारी मोजणी. दुपारी त्याच प्रतिनिधींपैकी एकाचा फोन आला. त्यांचा उमेदवार मागे होता. "सर, आपले सहाशे बारा जुळले," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

पुढचे पंधरा दिवस मी वर्गात पुस्तक बाजूला ठेवलं, रोज वर्तमानपत्रच घेऊन जायचो. सगळ्यांत मोठा पक्ष भाजप, १३२ जागा. शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. एकट्याचे १४५ कुणाचेच नाहीत, म्हणून मित्रपक्ष हवेत, हे पोरांना लगेच उमगलं. २६ नोव्हेंबरला आधीच्या विधानसभेची मुदत संपत होती, त्या दिवशी एकनाथ शिंदे यांनी राजीनामा दिला आणि काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला. एका मुलीने विचारलं, "मुदत संपली आणि मुख्यमंत्री नाही, मग राष्ट्रपती राजवट का नाही लागली? २०१९ ला लागली होती ना?" मोठा नेमका प्रश्न. २०१९ ला सभागृह होतं, सरकार बनत नव्हतं. या वेळी निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात आली, त्या क्षणी नवी विधानसभा अस्तित्वात आली, आणि बहुमत कुणाकडे हेही स्पष्ट होतं. ५ डिसेंबरला देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. मंत्री किती असावेत यालाही मर्यादा आहे, सभागृहाच्या १५ टक्के. २८८ चे १५ टक्के पोरांनी वहीत काढले: ४३.

९ डिसेंबरला सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. ही बातमी वाचून दाखवल्यावर मी त्यांना वाकड्या बोटाच्या आजींची गोष्ट सांगितली आणि विचारलं, आजींचं मत गुप्त, मग आमदारांचं उघड का? बराच वेळ कुणी बोललं नाही. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आजी स्वतःसाठी मत देतात. आमदार आपल्यासाठी देतो, मग ते आपल्याला कळायला पाहिजे." मी पुढे बोलणार तेवढ्यात त्यानेच हात वर केला. "पण सर, सगळे एकदम ओरडले, तर त्यात आपला आमदार काय म्हणाला ते कसं कळणार?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर नवा शब्द लिहिला, प्रत्येकाचं मत वेगळं मोजण्याच्या पद्धतीचा: मतविभाजन.