आमची वाटचाल : कागदाची काडतुसं

"काडतुसं किती भरली?"

"चाळीस. दोन बॅरल गाडीत टाकलेत."

फोनवर एवढंच बोललो, तर टपरीवर चहा पीत बसलेले दोन हवालदार उठून आमच्या ओम्नीजवळ आले. डिकी उघडायला लावली. आत पतंगी कागद होता, गुलाबी, पोपटी, लिंबू. एक साहेब हसायला लागले. दुसऱ्यांनी मात्र एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि विचारलं, "उडते किती?" चाळीस फूट म्हटलं, तर म्हणाले, "पोराच्या बारशाला लागते का?" त्यांचं बारसंही आम्हीच केलं. तेव्हापासून घरात ताकीद आहे, फोनवर 'नळ्या' म्हणायचं. कोणी म्हणत नाही.

लग्नाकार्यात रंगीत कागद उडवायचा हा धंदा चालू केला २००९ मध्ये, तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा नागपुरात वरातीत कागद उडवायचा तर टोप्यांत भरून गच्चीवरून टाकायचे, नाहीतर हातातले पॉपर पिळायचे. गॅसच्या दाबानं कागद उडवणारं मशीन मी एका मोठ्या लग्नात पाहिलं, मुंबईहून आलेलं. भाडं ऐकून गप्प बसलो, पण जेवणाच्या पंगतीत न जाता मशीनच्या मागे बसून राहिलो. मग हिंगण्याच्या एका लेथवाल्याकडून बॅरल, म्हणजे मशीनचा नळा, करून घेतला. पहिल्या बॅरलला व्हॉल्व्ह हाताचा होता. काडतूस म्हणजे कागद भरलेली पुठ्ठ्याची नळी. या नळ्या गांधीबागेतून आणायचो, कापडाचे तागे ज्यावर गुंडाळून येतात त्या. दुकानदार फेकूनच द्यायचे. आम्ही विचारायला लागलो तसा त्यांनी भाव लावला.

खरं काम कागदाचं आहे, हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं मशीनच सगळं करते. कागद १७-१८ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १७-१८ ग्रॅम वजनाचा, टिश्यू हवा. तुकडा चौकोनी कापला तर तो झोके खात सरकतो आणि लवकर खाली येतो. लांबट कापला, साडेपाच सेंटिमीटर बाय पावणेदोन, तर तो स्वतःभोवती गरगर फिरत सावकाश उतरतो. फोटोवाल्याला तेवढाच वेळ पाहिजे असतो. आता हे कापायचं कसं? इतवारीत एक चाचा होते, त्यांच्या कटिंग मशीनवर. रीम ठेवून दाब आवळला की चाचा आधी पात्यावर अंगठा आडवा फिरवायचे. धार बोथट असेल तर कापायलाच नाही म्हणायचे. बोथट पात्याने टिश्यूच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि हवेत पाऊस पडायच्या ऐवजी गठ्ठा पडतो, नवरदेवाच्या फेट्यावर. चांगल्या धारेनं कापलेला कागदही तसाच भरायचा नाही. तो कापसासारखा पिंजावा लागतो. आमच्याकडे हे काम सौ. आणि तिच्या दोन जावा करतात. पिंजलेला कागद वजनावर भरतात, मोजून नाही, आणि दाबत तर अजिबात नाहीत. मला अजूनही तिच्यासारखं भरता येत नाही.

आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे महालातले बँडवाले काका. त्यांनी आम्हाला एक नियम घालून दिला, मशीन घोडीपासून तीस फूट लांब. सुरुवातीला मी ऐकलं नाही. एकदा घोडी बिथरली, नवरदेव नालीच्या कडेला उतरला आणि काकांनी भर वरातीत मला असं काही झापलं की ते ढोलाच्या वरून ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून पुढची तारीख दिली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आमच्याकडे एक पोरगा होता. पाच वर्षं होता. लोडिंग, फिटिंग, सगळं त्याला मी शिकवलं, टेफ्लॉन टेप कोणत्या बाजूनं गुंडाळायची इथपासून. २०१५ मध्ये सीझनच्या तोंडावर सोडून गेला. जाताना डेकोरेटरांच्या नंबरांची वही त्यानं झेरॉक्स करून नेली, हे मागाहून कळलं. तरी मी मोठेपणा केला. आमची दोन जुनी मशीन त्यालाच विकली, अठरा हजारात. सौ. म्हणाली होती, देऊ नका. मी म्हटलं, पोरगा खाऊन-पिऊन राहील.

त्यानं कागद सोडून चमकी आणली. चमकी कापलेलीच येते, पिंजायची कटकट नाही, लाइटमध्ये झगमगते, व्हिडिओत छान दिसते. रेट आमच्या निम्म्यानं. दोन सीझनमध्ये आमची निम्मी लॉन गेली. लोक सांगायचे, तुम्हीही चमकी ठेवा ना. मी नाही ठेवली. अडेलपणा म्हणा.

फेब्रुवारी २०१७. कोराडी रोडकडची वरात. त्यानं चमकीच्या लांब पट्ट्या उडवल्या, वर विजेच्या तारा. चमकी दिसते प्लास्टिकची, पण तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो, आणि तो वीज वाहतो. पट्टी दोन तारांवर आडवी पडली. ठिणगी, फटका, गल्लीभर अंधार. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. पण मुलीचे वडील पेटले, आणि व्हिडिओत मशीनच्या बाजूला आमचं स्टिकर, आमच्या फोन नंबरासकट. विकताना मी स्टिकर काढलंच नव्हतं!

सकाळपर्यंत तो व्हिडिओ डेकोरेटरांच्या सगळ्या ग्रुपवर. आठवड्याभरात अकरा बुकिंग रद्द. मी फोन करून सांगायचो, मशीन आमचं होतं, आता नाही. समोरचा म्हणायचा, "हो भाऊ, समजलं," आणि तारीख दुसऱ्याला द्यायचा. त्याच वर्षी सोलेनॉइडची, म्हणजे विजेच्या बटणावर व्हॉल्व्ह उघडणारी, दोन नवी मशीन कर्जावर घेतली होती. सौ.च्या पाटल्या गहाण गेल्या. त्या पोरानं एकदाही कोणाला सांगितलं नाही की मशीन माझं होतं, पट्ट्या माझ्या होत्या. आजही रस्त्यात भेटला की "काय दादा" म्हणतो. मी मान हलवतो, बोलत नाही.

मार्चमध्ये बँडवाले काका लुनावर घरी आले. चपला न काढता ओट्यावरच बसले आणि खिशातून रबर लावलेले वीस हजार काढले.

"अक्षय तृतीयेच्या चार वराती. ॲडव्हान्स आहे."

मी म्हटलं, काका, लोक काय म्हणतील तुम्हाला?

"लोकायचं काय घेऊन बसला बे? चमकी माह्या क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडात जाते, त्याला वाजवता येत नाही. तू कागदच आन."

पाटल्या त्या चार वरातींनी सुटल्या नाहीत, पण हप्ता चुकला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडगे, म्हणजे मोठे पुतळे, मिरवत नेतात. त्या मिरवणुकीत बडग्यांपुढे आम्ही फुकट बारा काडतुसं उडवली, नावासाठी. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. एवढ्या गर्दीत आमचं नाव कोणी वाचलं असेल का, कोण जाणे. शिवाय पाऊस होता. ओला टिश्यू रंग सोडतो. एका पुढाऱ्याचा पांढरा कुर्ता गुलाबी झाला. तेव्हापासून पक्क्या रंगाचाच कागद घेतो आणि पावसाळ्यात काडतुसं आत बल्ब लावलेल्या पेटीत ठेवतो. मधली दोन-तीन वर्षं बरी गेली. २०२० मध्ये तर सगळ्यांचंच बसलं, त्याचं वेगळं काय लिहायचं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. सिलिंडर घेताना दाबाचा गेज पाहून पैसे देऊ नका. आपला गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो आत पातळ, म्हणजे द्रव, असतो, आणि पातळ गॅस शिल्लक आहे तोपर्यंत काटा जागचा हलत नाही. अर्धा रिकामा सिलिंडरही भरल्यासारखा दिसतो. रिकामं वजन सिलिंडरच्या मानेवर ठोकलेलं असतं, सिलिंडर वजनकाट्यावर तोला आणि ते वजा करा. दुसरं, मे महिन्यात सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. ३१ अंशांच्या वर हा गॅस आत पातळ राहतच नाही, दाब भराभर चढतो, आणि आपल्याकडे ४५ अंश म्हणजे रोजचंच. ओलं पोतं टाका, सावली धरा. तिसरं, बॅरल माणसाकडे कधी करायचा नाही, रिकामा असला तरी. आणि जुनं मशीन विकलं तर आधी स्टिकर खरवडून काढा, रॉकेलनं लवकर निघतं.

काकांचा बँड आता मुलगा सांभाळतो. तो चमकीच मागतो. मी नाही म्हणतो, तो दुसरीकडून घेतो, कोणाकडून ते वेगळं सांगायला नको. येत्या सीझनला काकांच्या नातवाचं लग्न आहे. काकांनी आमची दोन मशीन सांगितली आहेत, फक्त कागद, गुलाबी आणि लिंबू. मुलानं त्या पोराची दोन सांगितली आहेत. वरात एकच. घोडीच्या पुढे कोण आणि मागे कोण, यावर बापलेकांचं अजून ठरलेलं नाही.