लिंब गेला

आज जुळे सोलापुरात आमच्या बोळातला कडुलिंब तोडला. पाला पडून गाडी घाण होते म्हणे. खोडातून चिकट डिंक पाझरत होता, त्याला मुंग्या लागलेल्या.

स्वित्झर्लंडच्या सरकारी नीतिसमितीनं २००८ साली म्हटलं होतं, उगाच रस्त्याकडेचं रानफूल खुडणंही नैतिकदृष्ट्या गैर. वाचून हसलो होतो तेव्हा. आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, पण त्यात परवानगी नि दंडाचं बोलणं, झाडाच्या हक्काचं नाही.

दुपारी भाकरीबरोबर कांदा बुक्कीनं फोडला, तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही. (मग लिंबाचंच का वाटतंय?)

संध्याकाळी गाडीवाले शेजारी घाम पुसत म्हणाले, "आता गाडी सावलीला कुठं लावायची ओ?"